ताप आपोआप उतरला, म्हणजे एचआयव्ही अंगानंच मारला का?

तुम्ही लिहिलंय ते बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात कामाला आहात. कंडोमशिवाय एका बाईशी संबंध आला, त्याला २६ दिवस झाले. पंधराव्या दिवशी ताप भरला, घसा दुखला, छातीवर बारीक पुरळ आलं आणि चार-पाच दिवसांत सगळं औषधाशिवाय गेलं. काल सिव्हिलमध्ये एचआयव्हीची रॅपिड टेस्ट झाली, निगेटिव्ह. एका खासगी लॅबमध्ये सीडी-४ (एचआयव्ही ज्या संरक्षक पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो त्यांचा रक्तातला आकडा) काढला, तो ५२० आला. मित्र म्हणतो, "तुझी प्रतिकारशक्ती दांडगी आहे, विषाणू आला होता पण अंगानंच मारला." हे खरं असू शकतं का, आणि ही शक्ती टिकवायला काढा घ्यावा का, असं तुम्ही विचारताय.

मी फिजिशियन आहे आणि १९९०च्या दशकाच्या शेवटापासून सोलापुरात एचआयव्हीचे पेशंट बघतोय. मित्राचा हा तर्क मी खूपदा ऐकला आहे, शिकलेल्या माणसांकडूनही. त्यामुळे आधी तोच घेतो, कारण तुमची खरी अडचण ताप किंवा सीडी-४ ही नाही. "बरं वाटतंय" याचा अर्थ काय लावायचा, ही आहे.

तुमच्या बाबतीत दोनच शक्यता आहेत. एक तर विषाणूनं अंगात जम बसवलाच नाही आणि तो ताप दुसऱ्या कशाचा होता. नाहीतर विषाणू आत आला आणि अजून आहे. "आला, ताप आणला आणि निघून गेला" ही तिसरी शक्यता मनातून काढून टाका. विषाणू नाजूक त्वचेपर्यंत पोचूनही जम न बसता तिथंच संपतो, हे खरं आहे आणि बहुतेक वेळा तसंच होतं. पण मग ताप येत नाही. या आजारात ताप येतो तो विषाणू रक्तात लाखोंनी झाल्यावर.

पहिली शक्यता किती मोठी, हेही सांगतो, म्हणजे आज रात्री झोप लागेल. समोरच्या स्त्रीला एचआयव्ही आहे आणि ती उपचार घेत नाही असं धरलं, तरी योनीमार्गे एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण चार इतकी धरतात. हा सरासरी आकडा आहे. लिंगावर जखम किंवा गुप्तरोगाचा फोड असेल, किंवा समोरच्या व्यक्तीला नुकतीच लागण झालेली असेल, तर शक्यता बरीच वाढते. गुदमार्गे संबंधाचा हिशोब वेगळा आणि जास्त धोक्याचा. तुम्ही हे तपशील लिहिलेले नाहीत, इथं लिहूही नका, समुपदेशकाला सांगा. आणि तापाचं म्हणाल तर पावसानंतर सोलापुरात डेंग्यू, चिकुनगुनिया आणि साधे व्हायरल यांची कमी नसते. पुण्यात गुप्तरोग दवाखान्यांतल्या पेशंटांवर झालेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर स्वतः बनवतं ती प्रथिनं, शोधणारी टेस्ट निगेटिव्ह, पण रक्तात विषाणूचं पी-२४ हे प्रथिन सापडतंय, अशी नुकती लागण झालेली माणसं त्यात शोधली होती. त्यांच्यात ठळक दिसलेली लक्षणं होती ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम. आता सांगा, चिकुनगुनियापासून हे लक्षणांवरून वेगळं कसं काढणार? लागणीच्या सुरुवातीला प्लेटलेटही कमी होऊ शकतात, त्यामुळे काही जणांच्या कागदावर "डेंग्यू असावा" असं लिहिलं जातं आणि विषय तिथंच मिटतो.

आता लागण झाली आहे असं घटकाभर धरू आणि अंगात काय होतं ते दिवसांच्या हिशोबानं बघू.

पहिले साधारण दहा दिवस रक्तात काहीच सापडत नाही, कुठल्याही टेस्टनं नाही. विषाणू तेव्हा शिरलेल्या जागी आणि जवळच्या लसिका गाठींत वाढत असतो. संबंधातून झालेल्या लागणीत बहुतेकदा, दहातल्या आठ जणांत म्हणा, पुढची सगळी पिलावळ एकाच विषाणूपासून झालेली असते. तिथून तो आतड्यात पोचतो. पेशीत शिरायला त्याला सीडी-४ बरोबर सीसीआर-५ नावाचं आणखी एक प्रथिन लागतं, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर ते मुबलक असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिथल्या सीडी-४ पेशींचा फार मोठा भाग नष्ट होतो. पेशंटला पोटात काहीही जाणवत नाही, फार तर दोन दिवस जुलाब. या आजारातलं सगळ्यात मोठं नुकसान हे, आणि ते इतकं मुकाट होतं.

मग विषाणू रक्तात उसळतो. एका मिलीलिटरमध्ये दहा लाख, कधी कोटीच्या घरात. शरीर जागं होतं ते याच सुमाराला. इंटरफेरॉन आणि त्याच्या जातीची इतर रसायनं रक्तात एकदम वाढतात. ताप, अंगदुखी, पुरळ, मानेतल्या गाठी हे सगळं या रसायनांमुळे होतं, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. सगळ्यांनाच होतं असं नाही. बऱ्याच जणांना काहीच कळत नाही. आणि माणूस दुसऱ्याला लागण देण्याच्या दृष्टीनं सगळ्यात धोकादायक असतो तो याच दिवसांत, त्याची स्वतःची टेस्ट निगेटिव्ह येत असताना.

यानंतर सीडी-८ पेशी येतात. लागण झालेल्या पेशी ओळखून मारणं हे त्यांचं काम, आणि ते त्या मनापासून करतात. पूर्व आफ्रिका आणि थायलंडमध्ये धोका जास्त असलेल्या लोकांचं रक्त आठवड्यातून दोनदा तपासत राहून लागणीचा अगदी पहिला दिवस पकडणारा एक अभ्यास झाला, २०१६ साली तो छापून आला. रक्तात विषाणू पहिल्यांदा दिसल्यापासून साधारण १३व्या दिवशी तो शिखरावर होता आणि ३१व्या दिवसापर्यंत शंभरपटीहून जास्त खाली येऊन एका पातळीवर स्थिरावला होता. हे कोणत्याही औषधाशिवाय. माकडांवरच्या प्रयोगांत या सीडी-८ पेशी काढून टाकल्या तर विषाणू पुन्हा उसळला, म्हणजे श्रेय त्यांचंच. एचएलए-बी-५७ किंवा बी-२७ अशी जनुकं ज्यांच्यात असतात त्यांच्यात ही पातळी आणखी खाली जाते. शंभरात एकापेक्षाही कमी लोकांत तर औषधाशिवाय विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहतो.

म्हणजे तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. ताप उतरतो तो प्रतिकारशक्तीनं काम केलं म्हणूनच. पण शंभरपट कमी झालेला विषाणूही मिलीलिटरला हजारोंनी असतो, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथंच राहून तो सीडी-४ पेशी संपवत राहतो.

एवढं करूनही शरीर त्याला पुरतं का काढू शकत नाही? मला महत्त्वाची वाटणारी कारणं दोन.

एक, या विषाणूचं खाद्य म्हणजेच प्रतिकारशक्तीच्या पेशी. इतर बहुतेक विषाणूंच्या आजारांत सीडी-४ पेशी जाग्या होऊन वाढल्या की माणूस बरा व्हायला लागतो. इथं जागी झालेली सीडी-४ पेशीच विषाणूला जास्त सोयीची, कारण विश्रांतीतल्या पेशीपेक्षा तिच्यात तो जोमानं वाढतो. त्यातही जी सीडी-४ पेशी नेमकी एचआयव्हीलाच ओळखते, तिला लागण होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. सीडी-८ना आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींना दिशा देणाऱ्या या पेशी पहिल्याच फेरीत गळतात. "प्रतिकारशक्ती वाढवणारा" काढा किंवा पावडर याबद्दल माझं मत काय असेल ते यावरून ओळखा. काढा पिऊन एचआयव्हीविरुद्ध काही होत नाही. खोकल्याला आलं-गवती चहा घ्या, माझी काही हरकत नाही. पण यासाठी कुणी महिन्याला हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

दुसरं कारण जास्त गंभीर. हा विषाणू आपला आराखडा पेशीच्या डीएनएमध्येच शिवून टाकतो. अशा काही पेशी नंतर शांत होतात. विषाणूचं एकही प्रथिन त्या बनवत नाहीत, त्यामुळे सीडी-८ला त्या दिसत नाहीत आणि औषधालाही सापडत नाहीत. हा सुप्त साठा बनायला महिने लागत असतील असं पूर्वी वाटायचं. माकडांत तो तीन दिवसांत बनलेला दिसला, रक्तात विषाणू सापडायच्याही आधी. माणसांतली गोष्टही फार वेगळी नाही. थायलंडमध्ये आठ जणांना लागणीच्या अगदी पहिल्या टप्प्यात, अँटीबॉडी तयार व्हायच्याही आधी औषधं सुरू केली होती आणि ती वर्षानुवर्षं नीट चालली होती. काटेकोर देखरेखीखाली औषधं थांबवून पाहिली, तर आठही जणांत विषाणू काही आठवड्यांत परतला. सीडी-८ पेशी ऐन जोरात येतात तोवर साठा कधीच बनून गेलेला असतो.

शिवाय विषाणू नक्कल करताना सतत चुका करतो, रोज अब्जावधी नकला होतात, आणि सीडी-८ ज्या तुकड्यावरून त्याला ओळखतात तो तुकडा काही आठवड्यांत बदललेला असतो. हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेलच, म्हणून लांबवत नाही.

अँटीबॉडीचं मात्र थोडं सांगायला हवं, कारण तुमची टेस्ट तीच मोजते. हिपॅटायटिस-बीची लस घेतल्यावर अँटीबॉडी दिसली की आपण म्हणतो संरक्षण मिळालं. तोच नियम लोक इथं लावतात आणि मला विचारतात, "डॉक्टर, अँटीबॉडी आहे म्हणजे चांगलंच ना?" इथं तसं नाही. सुरुवातीला तयार होणाऱ्या अँटीबॉडी विषाणूच्या जीपी-४१ या भागाला चिकटतात, पण त्याला निकामी करत नाहीत. निकामी करणाऱ्या अँटीबॉडी काही महिन्यांनी येतात आणि तोपर्यंत रक्तातला विषाणू बदललेला असतो. विषाणूच्या अनेक प्रकारांवर चालणाऱ्या अँटीबॉडी थोड्या लोकांतच बनतात, त्याही दोन-तीन वर्षांनी. म्हणून एचआयव्हीची अँटीबॉडी ही लागणीची खूण आहे, संरक्षणाची नाही.

आता तुमचा ५२०. हा आकडा बाजूला ठेवा. सीडी-४ ही एचआयव्ही आहे की नाही हे सांगणारी टेस्टच नव्हे. कुठल्याही तापात, अगदी डेंग्यूतही तो खाली येऊ शकतो. सकाळ-संध्याकाळमध्येही फरक पडतो. नुकत्या लागणीत तो उतरतो आणि सीडी-८नी विषाणू खाली आणला की बराचसा परत चढतो. म्हणजे तुमचा ५२० निरोगी माणसाचा असू शकतो आणि लागण झालेल्याचाही. शिवाय शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी रक्तात जेमतेम दोन टक्के असतात. रक्तातला आकडा बघून आतड्याची अवस्था सांगणं म्हणजे सात रस्त्याला उभं राहून अख्ख्या सोलापूरची खानेसुमारी करणं. एचआयव्हीची टेस्ट न करता घाबरलेल्या माणसाचा आधी सीडी-४ काढून देणाऱ्या लॅबचा मला राग येतो. पैसे जातात आणि माणूस चुकीच्या आकड्याला चिकटून बसतो.

कालची निगेटिव्ह टेस्ट काय सांगते? २५व्या दिवशीची बोटाच्या रक्ताची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह असणं ही चांगली खूण आहे, पण शेवटचा शब्द नाही. अँटीबॉडी मोजणाऱ्या टेस्टला लागणीपासून २३ ते ९० दिवस लागू शकतात. पी-२४ आणि अँटीबॉडी दोन्ही बघणारी, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची टेस्ट १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय आराखडा, थेट शोधणारी टेस्ट १० ते ३३ दिवसांत. तुमच्या जागी मी आत्ता चौथ्या पिढीची टेस्ट करून घेईन, कारण तुमचा ताप जर एचआयव्हीचा असता तर विषाणू आणि पी-२४ या सुमाराला रक्तात भरपूर असते. ती निगेटिव्ह आली तर तो ताप एचआयव्हीचा असण्याची शक्यता अगदी थोडी उरते. ४५ दिवसांनंतर तीच पुन्हा निगेटिव्ह आली तर विषय संपला. हा खर्च करायचा नसेल तर आयसीटीसीतली (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रातली) मोफत रॅपिड टेस्ट तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात थांबावं लागतं. आरएनए टेस्ट महाग आहे. शिवाय कधीकधी अगदी थोडा आकडा खोटाच दाखवते, म्हणून शंका खरोखर मोठी असेल तेव्हाच मी ती सांगतो.

एक अट यात आहे. संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या पीईपीच्या, म्हणजे लागण टाळायच्या, गोळ्या तुम्ही घेतल्या असतील, तर वरचे दिवस लागू होत नाहीत. गोळ्यांमुळे सगळंच पुढे ढकललं जातं, आणि मोजणी गोळ्या संपल्यापासून करायची. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून घेतल्या नाहीत असं धरलंय. आता त्यांची वेळ गेली आहे, कुणी देऊ केल्या तरी घेऊ नका. आणि याच फेरीत सिफिलिसची टेस्टही करून घ्या. तळहातांवरही पुरळ आलं असेल तर नक्कीच. त्याची लक्षणंही तुमच्या तापासारखीच आपोआप जातात आणि आजार आत राहतो, पण वेळेवर सापडला तर पेनिसिलिननं बरा होतो.

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर? मग हे सगळं वाचून हातपाय गाळू नका, कारण शरीराला जमत नाही ते गोळीला जमतं. आपल्याकडे मोफत एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) सुरू झाली २००४ साली, आणि तेव्हा सीडी-४ २०० पर्यंत घसरायची वाट बघावी लागायची. पुढे ती मर्यादा चढत गेली आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू होतात. सध्या बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर मिळून रोज एक गोळी असते. लवकर सुरू केली तर सुप्त साठा छोटा राहतो, आतड्यातलं आणि गाठींमधलं नुकसान कमी होतं, आणि बऱ्याच जणांचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचा आकडा) काही महिन्यांत मोजता येणार नाही इतका खाली जातो. तो तसाच टिकला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. साठा संपत नाही म्हणून गोळी सोडायची नाही, एवढंच. सिव्हिलमध्ये एआरटी सेंटर आहे. तिथं कुणी ओळखीचं भेटेल ही भीती मला माहीत आहे, पूर्व भागातून येणारे पेशंट तर मास्क लावून येतात. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ सालचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि तुमची माहिती बाहेर सांगता येत नाही. जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत फोन आहे, मराठीतही बोलतात.

निकाल स्पष्ट होईपर्यंत कंडोम वापरायचाच. बायको असेल तर तिच्याबरोबरही, आणि कारण काय सांगायचं हे समुपदेशकाशी बसून ठरवा, ते रोज हेच करतात. आणि या काळात रक्तदान करू नका. "फुकटात टेस्ट होऊन जाईल" म्हणून जयंतीच्या शिबिरात जाऊन झोपणारे लोक मी बघितले आहेत. सगळ्या रक्तपेढ्यांत विषाणू थेट शोधणारी टेस्ट होत नाही, आणि तुमच्यासारखा २६व्या दिवसाचा माणूस नेहमीच्या टेस्टमधून निसटू शकतो. पहिल्या टेस्टचा कागद मात्र जपून ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत न्या, म्हणजे दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही.